मुलगा डॉजर्सचा झाला, आता मी काय करू?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. मूळचे कोल्हापूरचे. २००७ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेत आले, ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं त्यांना शे स्टेडियम या मेट्सच्या जुन्या मैदानावर नेलं आणि तेव्हापासून ते न्यू यॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचे झाले ते झालेच. संध्याकाळी जेवणं उरकली की टीव्हीवर सामना, गाडीत असले तर रेडिओवर. मुलगा आता बारा वर्षांचा आहे आणि बेसबॉल तो बापाच्या शेजारी बसूनच शिकला. २०२५ चा हंगाम मात्र त्यांच्या जिव्हारी लागला. जूनमध्ये सगळ्यांच्या पुढे असलेला संघ २८ सप्टेंबरला, शेवटच्या सामन्यात हरून प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीच्या, बाहेर पडला. मग हिवाळ्यात ब्रँडन निमो, एडविन डियाझ आणि पीट अलोन्सो हे लाडके खेळाडू एकापाठोपाठ एक गेले. मुलाच्या कपाटात अलोन्सोची २० नंबरची जर्सी लटकते आहे आणि मुलगा जाहीर करून बसलाय, "बाबा, मी आता डॉजर्सचा." म्हणजे लॉस एंजेलिसच्या संघाचा. बायको म्हणते, "ती माणसं तुला ओळखतात तरी का?"

पत्रलेखक विचारतात: इतकी वर्षं दिली ती फुकट गेली का? मुलाला निष्ठा शिकवायची कशी? आणि सीझन तिकिटांच्या पॅकेजचं नूतनीकरण करू की सोडून देऊ? पत्रात मध्येच एक ओळ आहे: "शेवटच्या दिवशी तो हसला म्हणून मी त्याच्यावर ओरडलो, ‘मेट्सचे फॅन असे नसतात’ म्हणालो, पण ते जाऊ दे."

नमस्कार,

आधी माझा पक्ष उघड करते, म्हणजे नंतर तक्रार नको. माझ्या सासरी यँकीज, म्हणजे न्यू यॉर्कचाच दुसरा संघ, चालतो. मी स्वतः कुंपणावर बसून दोन्हीकडचे शेंगदाणे खाते. तेव्हा एका शत्रुपक्षाच्या सुनेचा सल्ला म्हणून पुढचं वाचा.

ज्या वाचकांनी बेसबॉल कधी पाहिला नाही त्यांना तुमचं दुखणं कळावं म्हणून थोडं मांडते. या खेळाचा हंगाम मार्चअखेर सुरू होतो, सप्टेंबरअखेर संपतो आणि एकेक संघ त्यात १६२ सामने खेळतो. म्हणजे जवळजवळ रोज. १२ जूनला मेट्सची नोंद होती ४५ विजय, २४ पराभव. त्या दिवशी तीस संघांत एवढी चांगली नोंद दुसऱ्या कुणाचीही नव्हती. त्याच दिवशीच्या सामन्यात त्यांचा अव्वल पिचर (चेंडू टाकणारा) कोडाई सेंगा फर्स्ट बेसवर, म्हणजे धावण्याच्या पहिल्या थांब्यावर, धावला, अलोन्सोचा थ्रो थोडा उंच आला, सेंगानं उडी मारून झेलला आणि मांडीचा स्नायू धरून खाली बसला. सामना जिंकला, पण तिथून पुढे ३८ विजय आणि ५५ पराभव. दुखापतीतून परत आलेल्या सेंगाला सूर सापडला नाही, सप्टेंबरात तो खालच्या श्रेणीत सिराक्यूजला खेळत होता. सामना नऊ डावांचा असतो; आठ डाव संपताना मागे असलेला एकही सामना या संघानं वर्षभरात फिरवला नाही. एकही नाही. हे वाचून यँकीजवाल्यांनाही वाईट वाटलं, निदान आमच्या घरात दोघांना तरी.

आणि शेवटचा दिवस. मायामीत मार्लिन्सविरुद्ध जिंकले की आत, इतकं सोपं होतं. कारण प्लेऑफमधल्या शेवटच्या जागेसाठी ज्यांच्याशी बरोबरी चालली होती ते सिनसिनाटी रेड्सही त्याच दुपारी मिलवॉकीकडून हरले. पाचव्या डावात तिन्ही बेसवर माणसं, बॅट अलोन्सोच्या हातात, चेंडू सणसणीत बसला आणि थेट लेफ्ट फील्डरच्या ग्लव्हमध्ये गेला. चार फूट इकडे तिकडे असता तर आज तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं. ४-० असा पराभव. दोन्ही संघ ८३-७९ वर थांबले. आता बरोबरी झाली तर जादा सामना खेळवत नाहीत, आपसातली हारजीत बघतात. त्यात रेड्स ४-२ असे पुढे होते. संपलं.

तुम्ही लिहिता की भारत २०२३ च्या नोव्हेंबरात अहमदाबादला फायनल हरला तेव्हाही मी एवढा खचलो नव्हतो. मला त्यात काही विचित्र वाटत नाही. अहमदाबादचा घाव एका दिवसाचा होता. ओळीनं दहा सामने जिंकून आलेला संघ एका संध्याकाळी हरला, रात्री जेवण गेलं नाही, आठवड्याभरात माणसं कामाला लागली. तुमचं दुखणं साडेतीन महिने रोज थोडं थोडं होत होतं आणि रोज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तुम्ही स्वतःहून त्याच्यासमोर जाऊन बसत होता. त्यात २०२४ नं तुम्हाला वाईट सवय लावून ठेवली होती. त्या वर्षी हाच संघ २२-३३ अशा गाळातून वर आला आणि नॅशनल लीगच्या, म्हणजे दोनपैकी एका गटाच्या, फायनलपर्यंत पोचला. तिथे डॉजर्सनं हरवलं ते सोडा. पण त्यामुळे २०२५ च्या ऑगस्टमध्ये प्रत्येक पराभवानंतर तुम्ही स्वतःला म्हणत असणार, "गेल्या वर्षीही असंच होतं, बघ आता." आशा संपत नव्हती, म्हणून त्रासही संपत नव्हता.

एक मात्र गमतीनं विचारते. ज्या माणसाचा पहिला उन्हाळा २००७ चा, त्याला २०२५ चा एवढा धक्का बसावा? २००७ ला सतरा सामने उरले असताना मेट्स सात सामन्यांनी पुढे होते आणि शेवटच्या दिवशी मार्लिन्सकडून हरून बाहेर गेले. २००८ ला पुन्हा शेवटच्या दिवशी, पुन्हा मार्लिन्सकडून, तेही शे स्टेडियमच्या अखेरच्या सामन्यात. तुम्ही प्रेमात पडलात तेच मुळी पडझडीत. तेव्हा गेला हंगाम तुम्हाला नवीन काही शिकवून गेला असं मला वाटत नाही. नवीन आहे ते एवढंच की या वेळी शेजारी मुलगा बसला होता.

त्याच्याकडे येतेच. आधी "फुकट गेली का" याचा हिशेब करू, कारण तो तुम्ही चुकीच्या वहीत मांडलाय.

२०२५ ला विजेते कोण, तर डॉजर्स. त्यांची नियमित हंगामातली नोंद ९३-६९. म्हणजे जगज्जेता ठरलेला संघही ६९ वेळा मान खाली घालून घरी गेला. तुमचा संघ ७९ वेळा. सहा महिन्यांत फरक दहा सामन्यांचा. सगळ्यात जास्त म्हणजे ९७ सामने जिंकलेल्या मिलवॉकी ब्रूअर्सना त्याच डॉजर्सनी पुढे ४-० असं गुंडाळलं. शेवटी करंडक एकालाच मिळतो, तेव्हा तुमच्या वहीप्रमाणे तीसपैकी एकोणतीस संघांच्या चाहत्यांचा उन्हाळा वाया गेला. असा खेळ कोण कशाला बघेल? लोक बघतात, कारण या खेळात हरणं हा रोजच्या जेवणातला पदार्थ आहे. उत्तम संघही तीनातला एक सामना हरतो हे धरूनच बघणारा बसतो.

आणि मिळालं काय ते तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही ते तक्रारीच्या ओघात लिहून गेलात. १२ ऑगस्टच्या रात्री अलोन्सोनं डॅरिल स्ट्रॉबेरीचा २५२ होमरनचा (होमरन म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) विक्रम मोडला, क्लबच्या इतिहासात सर्वाधिक होमरन त्याच्या नावावर लागले, आणि तुमचा मुलगा सोफ्यावर उड्या मारत होता, खालच्या मजल्यावरून दार वाजलं. हुआन सोटोनं ४३ होमरन मारले, ३८ बेस चोरले, म्हणजे फटका बसलेला नसतानाच पुढच्या थांब्यावर पळाला. ऑगस्टमध्ये नोलन मॅक्लीन नावाचा पोरगा वर आला आणि पहिले चारही सामने जिंकून बसला. एवढं सगळं मायामीतल्या एका दुपारनं पुसून टाकावं, असं तुम्हाला खरंच वाटतं का? शेवटच्या दिवसाला तुम्ही आधीच्या १६१ दिवसांवर मत द्यायचा अधिकार देऊन टाकलाय. तो परत घ्या.

आता निष्ठेबद्दल. इथे मला तुमच्याशी जरा वाद घालायचाय, आणि तो मेट्सपेक्षा कोल्हापूरवरून घालायचाय.

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ तालमीचा असतो. पाटाकडील, शिवाजी तरुण, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. तिथे पोरगं संघ निवडत नाही. ज्या पेठेत जन्मलं तिथली तालीम त्याची. तीच तालीम गणपती बसवते, तीच शिवजयंती करते, कुणाच्या घरी मयत झालं तर तिथलीच पोरं खांदा द्यायला येतात. शाहू स्टेडियमवर ज्यानं पेनल्टी घालवली तो दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात उभा असतो. तुम्ही त्याला चार शिव्या देऊ शकता, तो तुम्हाला आठ देईल, मग दोघं चहा पिता. अशा गावात पाटाकडीलच्या घरातला पोरगा उठून शिवाजी तरुणच्या बाजूला जाऊन बसला, तर ते घर सोडल्यासारखंच. तिथे "पळून जायचं नाही" या म्हणण्याला अर्थ आहे, कारण जिथून पळायचं ती जागा खरी आहे, माणसं खरी आहेत आणि ती तुम्हाला नावानिशी ओळखतात. (आता तिथेही बाहेरून, अगदी नायजेरियातूनही खेळाडू येतात, हे मला माहीत आहे. तरी तालीम पेठेचीच राहिली आहे.)

तुम्ही हीच पेठेची निष्ठा जशीच्या तशी उचलून न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका क्लबला, मेट्सला, लावलीत. परक्या देशात आल्यावर माणूस पेठ शोधतोच, त्यात चूक काही नाही. ऑफिसातल्या सहकाऱ्यानं शेच्या पायऱ्यांवर तुम्हाला एक पेठ मिळवून दिली. पण या पेठेत व्यवहार एका बाजूनंच पाळला जातो. इथे खेळाडू करारानं येतो, करारानं जातो. निमो २०११ पासून या क्लबमध्ये होता. त्याच्या करारात अशी अट होती की त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसरीकडे पाठवता येणार नाही. त्यानं संमती दिली आणि नोव्हेंबरात टेक्सासला गेला. अलोन्सोनं पाच वर्षांसाठी १५ कोटी ५० लाख डॉलर घेऊन बाल्टिमोर गाठलं. डियाझ तर, विसरू नका, डॉजर्सकडे गेला. मैदानात उतरताना ट्रम्पेट वाजले की तुम्ही खुर्चीतून उठून ज्याच्यासाठी टाळ्या वाजवायचात, तो डियाझ. त्याला तुम्ही पत्रात "बिचारा, क्लबनं अडवला नाही" असं लिहिलंय. आणि मुलानं तोच रस्ता धरला तर तो बेइमान? हा न्याय मला पटत नाही.

डॉजर्सचं नाव घेऊन मुलानं फार परकं काही केलं असंही नाही. ते मुळात न्यू यॉर्कमधल्या ब्रुकलिनचे. १९५७ चा हंगाम संपल्यावर मालकानं संघ उचलून लॉस एंजेलिसला नेला, त्याच सुमारास न्यू यॉर्कचे जायंट्सही सॅन फ्रान्सिस्कोला गेले. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी जीव टाकला त्या लोकांच्या हातात रिकामं मैदान राहिलं. तिथे निष्ठा कुणी मोडली होती? चाहते तर जागेवरच होते. त्या रिकाम्या जागेवर १९६२ ला मेट्स उभे राहिले. डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी, असे दोन्ही रंग घेऊन. पहिल्या वर्षी ४० सामने जिंकले, १२० हरले, आणि तरी त्या मोडक्या संघाला बघायला नऊ लाखांहून जास्त माणसं आली. त्यातली बरीच आदल्या प्रेमात पोळलेली होती. त्यांनी नवीन संघ धरला म्हणून त्यांना कुणी पळपुटं म्हटलं नाही. मेट्सच्या आताच्या मैदानाचा, तुमच्या सिटी फील्डचा, दर्शनी भाग डॉजर्सच्या जुन्या एबेट्स फील्डच्या धर्तीवर बांधलाय. पुढच्या वेळी मुलाला दाराशी उभा करून हे सांगा, बघा तो काय म्हणतो.

म्हणजे निष्ठा सोडा, असं मी म्हणतेय का? नाही. ती कुणाला वाहिलीत ते नीट बघा, एवढंच. मालकाला तुम्ही ती दिलेली नाही, खेळाडूंनाही नाही, ते तर दर हिवाळ्यात बदलतात. मला वाटतं तुम्ही ती दिली संध्याकाळच्या त्या वेळेला, रेडिओवरच्या ओळखीच्या आवाजाला, रेल्वेतून उतरून मैदानाकडे जाणाऱ्या ७ नंबरच्या मेट्रोत निळ्या टोप्या दिसल्या की बरं वाटतं त्या भावनेला. यातलं काहीही अलोन्सोबरोबर बाल्टिमोरला गेलेलं नाही. आणि ते तुमच्या मुलाला वारशानं मिळालंच पाहिजे असंही नाही. त्याला पेठ लागेल तेव्हा तो शोधेल. त्याची पेठ तुमच्या एडिसन गावातल्या शाळेतली असेल, किंवा कुठल्याशा व्हिडिओ गेमातली. तुम्हाला ती आवडणार नाही. चालायचंच.

आता ती "जाऊ दे" वाली ओळ. तुमच्या पूर्ण पत्रात मला खटकली ती हीच.

बारा वर्षांचं पोरगं सहा महिने तुमच्या शेजारी बसलं. शेवटच्या दुपारी त्याच्या आवडत्या खेळाडूचा तो चेंडू झेलला गेला, बाप दगडासारखा गप्प, आई स्वयंपाकघरात, आणि पोरगा हसला. या वयात रडू येईलसं वाटलं की पोरं हसतात, हे मी माझ्या भाच्यांत पाहिलंय. कदाचित नुसतंच काहीतरी विनोदी सुचलं असेल. तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही त्याला सांगितलंत की तू आमच्यातला नाहीस. मग त्यानं तुमचं म्हणणं मान्य केलं आणि दुसरा संघ धरला. तुम्ही लिहिता की आता तो सामना लावला की उठून खोलीत जातो. निष्ठा कशी शिकवू, असं तुम्ही विचारता. सध्या तरी शिकवू नका.

मेट्सचे मालक स्टीव्ह कोहेन यांनी हंगाम संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी चाहत्यांची जाहीर माफी मागितली होती. तुम्हाला ती पोकळ वाटली, असू शकेल. पण निदान मागितली तरी. तुमच्या घरात सप्टेंबरपासून तेवढंही झालेलं नाही. आज रात्री त्याच्या खोलीत जा आणि सांगा, "त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडलो, ते बरोबर नव्हतं." बस्स. पुढे "पण तूसुद्धा" जोडू नका. बेसबॉलवरून आयुष्याचा धडा काढू नका. तो "इट्स ओके" म्हणेल आणि फोनकडे बघेल. तेवढ्यावर उठून या.

मग काही दिवसांनी, सहज, विचारा की डॉजर्सच का. मला उत्तराचा अंदाज आहे. ऑक्टोबरात डॉजर्सच्या शोहेई ओहतानीनं मिलवॉकीविरुद्ध एकाच सामन्यात पिचिंग करून दहा जणांना स्ट्राइकआउट (फटका न मारू देता बाद) केलं आणि स्वतः तीन होमरन मारले. फायनलचा सातवा सामना टोरंटोत अकराव्या डावापर्यंत गेला. बारा वर्षांच्या मुलानं हे बघून पाघळू नये अशी अपेक्षा असेल, तर आपण मूल पाळतोय की पुतळा? आणि समजा तो नुसता जिंकणाऱ्यांच्या मागे गेला असेल, तरी काय बिघडलं? हरणाऱ्यांच्या मागे जाण्याचं सुख कळायला थोडं वय लागतं. त्याला ओहतानीबद्दल बोलू द्या. तुम्ही ऐका, आणि "आमच्याकडे सोटो आहे" हे वाक्य पहिली दहा मिनिटं गिळून ठेवा.

बायकोच्या प्रश्नाला तुम्ही पत्रात टोमणा म्हटलंय. मला तो हिशेब वाटतो. मार्च ते सप्टेंबर, आठवड्याला सहा संध्याकाळी, साधारण अडीच-तीन तास. ती माणसं तुला ओळखतात का, याचा अर्थ बहुधा एवढाच की मी ओळखते, माझ्याकडे कधी बघणार? पश्चिम किनाऱ्यावरचे सामने तर न्यू जर्सीत रात्री दहाला सुरू होतात. सकाळी सातची मीटिंग असलेला माणूस त्यानंतर कसा दिसतो ते तिलाच माहीत. या वर्षी एक करून बघा. आठवड्यातले सामने तिघं मिळून ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, बाकीचे गाडीत रेडिओवर किंवा सकाळी गोषवारा बघून भागवा. पश्चिमेचे सामने शुक्रवार-शनिवार सोडून बंद. कोण कुठे जाणार, कुणाचा करार किती कोटींचा, या चर्चा अंथरुणात वाचायच्या नाहीत. त्यातून कुणाची झोप सुधारल्याचं ऐकिवात नाही.

पुण्या-मुंबईतून, नागपुरातून आयपीएलच्या संघांवरून किंवा रात्री दीडला प्रीमियर लीग बघण्यावरून अशीच पत्रं येतात, त्यांनाही हेच लागू. खेळ सोडायची गरज क्वचितच असते. किती वाजता बंद करायचा ते सामना सुरू व्हायच्या आधी ठरवावं लागतं, पाठलाग रंगात आल्यावर ठरत नाही. आणि एक प्रश्न मी आता सगळ्यांनाच विचारते, तुम्ही लिहिलेलं नाही तरी तुम्हालाही: फोनवरून पैसे लावता का? न्यू जर्सीत २०१८ पासून सामन्यांवर पैजा लावणं कायदेशीर आहे, दर जाहिरातीत तेच. पराभव नेहमीपेक्षा जास्त बोचू लागला असेल तर कधीकधी कारण खेळात नसतं, खात्यात असतं. तसं असेल तर बायकोला आजच सांगा आणि १-८००-४२६-२५३७ या मदतक्रमांकावर बोला. तसं नसेल तर हा परिच्छेद विसरून जा, राग मानू नका.

राहिली तिकिटं. पॅकेज यंदा घेऊ नका. रागानं नव्हे, सोयीसाठी. पॅकेज घेतलं की प्रत्येक सामना वसूल करायच्या मागे माणूस लागतो, आणि मग प्रत्येक पराभव आपल्या खिशातून गेल्यासारखा वाटतो. एकेक सामन्याचं तिकीट काढा. एप्रिलच्या थंडीतले मंगळवार-बुधवार सहसा स्वस्त पडतात, स्वेटर मात्र न्या. शनिवार मिळाला तर आधी मैदानाजवळ फ्लशिंगमध्ये असलेल्या गणपती मंदिरात जा, तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खा, मग मैदानावर. सिटी फील्डच्या पार्किंगमध्ये जुन्या शेच्या होम प्लेटची आणि बेसची जागा दाखवणाऱ्या पाट्या बसवल्या आहेत. तुमची पेठ नेमकी कुठे होती ते मुलाला पायानं मोजून दाखवता येईल. उन्हाळ्यात एकदा कोनी आयलंडला ब्रुकलिन सायक्लोन्सचा सामना बघा. मेट्सचाच खालच्या श्रेणीचा संघ, समुद्र शेजारी, पोरं वीस-बावीसची, आणि हरले तरी तुमचा रक्तदाब जागेवर राहतो. तुमच्या घराजवळचे सॉमरसेट पेट्रियट्स सोयीचे पडतील, पण ते यँकीजचे आहेत. आमच्याकडे या म्हणणार नाही, तुम्हाला अजून एक धक्का नको.

आणि त्या २० नंबरच्या जर्सीचं काय करायचं, हे तुम्ही शेवटी कंसात विचारलंय. ती त्याची आहे, त्याला ठरवू द्या. माझं म्हणणं इतकंच की टाकायची घाई करू नका. बाल्टिमोर तुमच्या घरापासून गाडीनं तीनेक तासांवर आहे. अलोन्सो आता तिथे रोज खेळेल, आणि तिथल्या स्टँडमध्ये मेट्सची जर्सी घालून त्याच्यासाठी ओरडणारे तुम्ही काही एकटे नसाल. पॅकेजचे पैसे वाचलेच आहेत. ओरिओल्सचं, म्हणजे त्याच्या बाल्टिमोरच्या संघाचं, वेळापत्रक काढा, शाळा सुटल्यानंतरचा एखादा शनिवार बघा. तिकिटं दोन काढायची की तीन, ते मात्र आधी घरात विचारून घ्या.